टाइपरायटरच्या खडखडीत लपलेलं बाळ

घरून काम करणाऱ्याला म्यूटचं बटण अंधारातही सापडतं. क्लायंट महत्त्वाचं काही सांगत असतो आणि नेमकी तेव्हाच कुकरची शिट्टी होते, खाली भंगारवाला ओरडतो, शेजारचं पोर भोकाड पसरतं. नोकरी सोडून मी स्वतःची ऑनलाइन कामं घ्यायला लागलो, तेव्हा ही फक्त आपल्या पिढीची गंमत आहे असं मला वाटायचं. लॅपटॉप आला, इंटरनेट स्वस्त झालं, म्हणून आपण मोकळे झालो, असा माझा हिशोब होता.

मग स्टेफनी शर्ली यांच्याबद्दल वाचलं. साठ वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये घरातून क्लायंटशी फोनवर बोलताना त्या मागे टाइपिंगची टेप लावून ठेवायच्या. बाळाचा आवाज त्या खडखडीत बुडून जावा आणि पलीकडच्याला वाटावं की इथे मोठं ऑफिस चालू आहे!

शर्ली यांचा जन्म १९३३ साली जर्मनीत झाला. वडील ज्यू. नाझींच्या तावडीतून वाचवण्यासाठी १९३९मध्ये आईवडिलांनी या पाच वर्षांच्या मुलीला तिच्या मोठ्या बहिणीबरोबर व्हिएन्नाहून रेल्वेत बसवलं आणि ती इंग्लंडला पोचली. पुढे लंडनमध्ये डॉलिस हिल इथल्या पोस्ट खात्याच्या संशोधन केंद्रात तिला नोकरी मिळाली. दिवसा काम करून संध्याकाळच्या वर्गांना जात तिने गणिताची पदवी घेतली. काम उत्तम होतं, पण बढतीचा विषय निघाला की बाई असणं आडवं यायचं.

१९६२मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि जेवणाच्या टेबलावर स्वतःची कंपनी सुरू केली. नाव ‘फ्रीलान्स प्रोग्रामर्स’, भांडवल सहा पौंड. तेव्हा सॉफ्टवेअर यंत्राबरोबर फुकट यायचं. ते वेगळं विकत घ्यायचं, तेही एका बाईकडून, ही कल्पनाच लोकांना हास्यास्पद वाटायची. कंपन्यांना पाठवलेल्या पत्रांना उत्तरं येईनात. नवऱ्याने सुचवलं, सही ‘स्टीव्ह’ अशी कर. तशी सही केल्यावर भेटीच्या वेळा मिळू लागल्या. समोर बाई आहे हे लोकांना कळायचं ते हस्तांदोलन करून झाल्यावरच.

त्यांनी कामाला घेतल्या त्या लग्न झाल्यावर किंवा मूल झाल्यावर नोकरी सुटलेल्या प्रोग्रामर बायका. पहिल्या ३०० जणांत पुरुष फक्त तीन होते. इंटरनेट तर सोडाच, घरात संगणक असण्याचाही प्रश्न नव्हता. या बायका पेन्सिलीने कागदावर फ्लोचार्ट काढायच्या आणि कोड लिहायच्या. तो कागद संगणक केंद्रात जायचा, तिथे त्याची पंचकार्डं किंवा टेप बनायची आणि मग कुठे प्रोग्राम यंत्रावर चालायचा. एक चूक झाली की पुन्हा तीच फेरी. एरर पाच सेकंदांत दिसली नाही तर वैतागणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे जरा डोळ्यांपुढे आणावं.

असं काम करून त्यांनी मालगाड्यांची आणि बसची वेळापत्रकं बसवली, गोदामांतल्या मालाचे हिशोब लावले. काँकॉर्ड या स्वनातीत विमानाच्या ब्लॅक बॉक्ससाठीचं प्रोग्रामिंगही याच बायकांनी घरी बसून केलं. त्या गटाचं नेतृत्व अ‍ॅन मॉफॅट यांच्याकडे होतं.

हे जमलं कसं? यातलं तंत्रज्ञान साधंच होतं: फोन आणि टपाल. खरी युक्ती होती पैसे ठरवण्याच्या पद्धतीत. शर्ली क्लायंटला पूर्ण कामाची एक ठरलेली किंमत सांगायच्या. एकदा किंमत कामाची झाली, की ते काम कुणी, कुठे बसून, सकाळी केलं की मूल झोपल्यावर रात्री केलं, हे विचारायचं क्लायंटला कारणच उरत नाही. आज आपण ज्याला ‘फ्लेक्सिबल लाइफस्टाइल’ म्हणतो, त्याची किल्ली ही होती.

ते स्वातंत्र्य फुकट नव्हतं. फ्रीलान्सरला काम असलं तर पैसे, ते आजच्यासारखंच. शर्लींचा मुलगा जाइल्स तान्हेपणी बोलू लागला होता, पण अडीच वर्षांचा असताना त्याची वाचा गेली. त्याला तीव्र ऑटिझम होता. कंपनी आणि मुलगा हे दोन्ही सांभाळताना त्या स्वतः एकदा कोलमडल्या. घरून काम म्हणजे निवांत आयुष्य, असा त्याचा अर्थ कधीच नव्हता. ऑफिसचं दार बंद होतं, म्हणून घराचं दार उघडावं लागलं. माझ्यासाठी ही आवड होती. त्यांच्यासाठी कामात टिकून राहण्याची ती जवळपास एकच वाट होती.

१९७५मध्ये ब्रिटनमध्ये लिंगभेदविरोधी कायदा आला. गंमत म्हणजे, त्यामुळे फक्त बायकांना कामावर घेणं बेकायदेशीर ठरलं आणि पुरुषांना दार उघडावं लागलं. पुढे शर्लींनी कंपनीचे शेअर्स हळूहळू कर्मचाऱ्यांना दिले. १९९६मध्ये कंपनी लंडनच्या शेअर बाजारात उतरली आणि कर्मचाऱ्यांपैकी ७० जणी-जण लक्षाधीश झाले. शर्ली २०२५च्या ऑगस्टमध्ये वारल्या.

मला राहून राहून ती टेप आठवते. आज काही ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर तासाच्या हिशोबाने काम घेतलं, की एक सॉफ्टवेअर दर काही मिनिटांनी तुमच्या स्क्रीनचा फोटो काढतं आणि किती बटणं दाबली ते मोजतं. मग लोक माउस आपोआप हलवणारी यंत्रं विकत घेतात. शर्ली टाइपिंगचा आवाज ऐकवायच्या तो घर लपवण्यासाठी. आपण टाइपिंग दाखवतो ते आपण जागेवर आहोत हे सिद्ध करण्यासाठी. त्यांच्याकडे वायफाय नव्हतं, पण त्यांचा क्लायंट कामाची किंमत मोजत होता. आपल्याकडे सगळं आहे, आणि मोजली जातेय ती आपली खुर्चीत बसण्याची वेळ. म्हणजे ऑफिस सुटलं, पण मुकादम मागोमाग घरी आला.

हे वाचल्यापासून मी एक बदल केलाय. नवं काम घेताना तासाचा दर सांगत नाही, पूर्ण कामाची किंमत सांगतो. दोन क्लायंट त्यामुळे गेले. तिसरा राहिला. परवा त्याच्याशी बोलताना कुकरची शिट्टी झाली, आणि मी म्यूट केलं नाही.