दंतमूलांची चिंता

दातांचे महत्त्व सर्वांस ठाऊक असते; परंतु दात ज्या हिरडीत उभा असतो, तिची आठवण तिच्यातून रक्त आल्यावाचून सहसा कोणास होत नाही. उतारवयात दात हलू लागले की ‘वय झाले’ म्हणून आपण स्वस्थ बसतो. आमच्या प्राचीन वैद्यांनी मात्र हा दोष वयाच्या माथी मारून प्रश्न सोडून दिला नव्हता.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात एकंदर ६५ मुखरोग सांगितले आहेत. त्यांत खुद्द दातांचे ८, तर दंतमूलांचे, म्हणजे हिरड्यांचे, १५ आहेत. ‘शीताद’ रोगात हिरडीतून अकस्मात् रक्त येते आणि ती काळसर व मऊ पडून कुजते. ‘दंतवेष्ट’ रोगात पू व रक्त स्रवून दात हलू लागतात. दातांवर साचून घट्ट होणाऱ्या किटणास सुश्रुताने ‘दंतशर्करा’ म्हटले. वैद्याने ती दंतमूलास इजा न करता काढावी, अशी त्याची आज्ञा आहे. त्याच्या २० शस्त्रांत ‘दंतशंकु’ याचीही गणना आहे.

नित्याच्या आचारातही हीच सावधगिरी दिसते. दातवण १२ अंगुळे लांब, करंगळीएवढे जाड, सरळ व बिनगाठीचे असावे. कडू वृक्षांत निंब आणि तुरट वृक्षांत खैर श्रेष्ठ, असे सुश्रुत सांगतो. चरकाने दंतधावन दोन वेळा सांगितले आहे. हिरडीस दुखापत होऊ देऊ नये, याविषयी दोघांचेही एकमत आहे. धर्मशास्त्राने प्रतिपदा, षष्ठी, नवमी व अमावास्येस काष्ठ वर्ज्य मानले, तेव्हाही मुखशुद्धी सोडली नाही. त्या दिवशी १२ चुळा भराव्यात, असे सांगितले.

या सावधगिरीचे कारण पुढे हळूहळू उलगडले. १६८३ साली हॉलंडमधील लेव्हेनहुक याने आपल्या दातांच्या फटींतील पांढरा मळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तो त्यात हालणारे असंख्य जीव त्यास दिसले. १९६५ साली डेन्मार्कमधील हॅराल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांस दात घासणे थांबवावयास सांगितले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्याच हिरड्या सुजल्या. स्वच्छता पुन्हा सुरू होताच सुमारे आठवडाभरात त्या पूर्ववत् झाल्या.

दात हाडात खुंटीसारखा ठोकलेला नसतो. त्याचे मूळ सूक्ष्म तंतूंनी जबड्याच्या हाडास बांधलेले असते, आणि हिरडी त्याच्या मानेस वेढून आतील बंधने झाकून ठेवते. मळ साचला की प्रथम हिरडी सुजते. पुढे अनेकांत ती दातापासून सुटते, तंतू तुटतात आणि हाड झिजते. सूज ओसरते, झिजलेले हाड मात्र आपोआप भरून येत नाही.

येथे आमच्या प्रांताशी निगडित अशी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. तंबाखू आमच्या प्राचीन ग्रंथांत नाही. ती अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या द्वारे या देशी आली. तिची भाजून केलेली मशेरी कोकणात व देशावर दंतमंजन म्हणून घरोघर शिरली. जुनी म्हणून तिला कित्येक जण परंपरा समजतात. पण तिने हिरडी मागे सरकते आणि मुखाच्या कर्करोगाचे भय वाढते. तिला चरक-सुश्रुतांचा आधार नाही.

हिरडीतून रक्त आले म्हणून घासणे सोडणे, हा उलटा उपाय होय. मऊ कुंचल्याने दोन वेळा, दात व हिरडी जेथे मिळतात तेथे हलक्या हाताने घासावे, फटीही स्वच्छ कराव्यात. चिकट मळ केवळ चुळांनी निघत नाही, आणि घट्ट झालेले किटण घासूनही निघत नाही. ते दंतवैद्याकडूनच काढवून घ्यावे. मधुमेह असलेल्यांनी तर विशेष जपावे. रक्त दिसते तोवर बहुधा वेळ गेलेली नसते. दात हलण्याची वाट पाहू नये.