नाताळच्या दुपारी दीड तास

२५ डिसेंबर २०१५. वेळा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या.

पहाट
व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘स्टीम’ या ऑनलाइन गेम-दुकानावर हल्ला होतो. हिवाळी सेल सुरू आहे, गर्दी आधीच मोठी. त्यात खोट्या मागण्यांचा असा मारा होतो की सेलच्या दिवसांतल्या सरासरीपेक्षा रहदारी २,००० टक्क्यांनी वाढते.

सकाळ
दुकानाचं कॅशिंग सांभाळणारी भागीदार कंपनी नवे नियम लावते. मार्ग योग्यच आहे. लाखो लोक मागतात ते पान दरवेळी नव्याने बनवायचं नाही. एकदा बनवून त्याची प्रत ठिकठिकाणच्या सर्व्हरांवर ठेवायची आणि मागेल त्याला तीच द्यायची. मूळ सर्व्हरवरचा भार उतरतो, खऱ्या गिऱ्हाइकाला दुकान उघडं मिळतं.

पण दुकानातली सगळी पानं सारखी नसतात. गेमचं चित्र आणि वर्णन सर्वांना एकच दिसतं. ‘माझं खातं’ या पानाचा पत्ताही सर्वांना एकच, मजकूर मात्र ज्याचा त्याचा. कोण आलंय हे सर्व्हरला कुकीवरून कळतं. कॅशने नुसता पत्ता पाहून प्रत ठेवली, तर पहिल्या माणसाचं खातं दुसऱ्याच्या हाती पडतं. म्हणून लॉगिन केलेल्यांची पानं कॅशपासून लांब ठेवणं हा या कामातला पहिला नियम. वेगाचा विचार त्यानंतर.

११.५०
हल्ल्याची दुसरी लाट परतवण्यासाठी लावलेले दुसरे नियम नेमके इथेच चुकतात. लॉगिन केलेल्यांची पानंही साठू लागतात. भारतात तेव्हा रात्रीचा १.२० झालाय.

दुपारी १२ नंतर
कुणाला दुकान परक्या भाषेत दिसतं. कुणी आपलं खातं उघडतो आणि समोर अनोळखी माणसाची माहिती येते: बिलाचा पत्ता, ईमेल, खरेदीची यादी, कार्डाचे शेवटचे दोन आकडे, फोनचे शेवटचे चार. पासवर्ड किंवा पूर्ण कार्ड क्रमांक त्यात नाही, दुसऱ्याच्या नावावर खरेदीही होत नाही. पण घरचा पत्ता उघडा पडणं ही लहान गोष्ट नव्हे. सर्वांत वाईट म्हणजे, घाबरून स्वतःचं खातं तपासायला जाणाऱ्याचंच पान कॅशमध्ये जाण्याचा धोका होता.

१.२०
इथवर दीड तास झालेला असतो. दुकान बंद केलं जातं. नवे नियम भागीदाराच्या प्रत्येक सर्व्हरवर पोहोचल्याची आणि जुन्या प्रती पुसल्याची खात्री होईपर्यंत ते उघडत नाहीत. हा निर्णय मला सर्वांत मोलाचा वाटतो: नाताळच्या सेलमध्ये, विक्री बुडत असताना घेतलेला.

त्याच दिवशी, उशिरा
कंपनी थोडक्यात सांगते: तासाभराहून कमी वेळ काहींना इतरांची पानं दिसली, ग्राहकांनी काही करण्याची गरज नाही.

३० डिसेंबर
सविस्तर निवेदन येतं. त्यात ११.५० ते १.२० ही वेळ आहे, सुमारे ३४,००० ग्राहकांचा आकडा आहे, माफी आहे. ज्यांची माहिती दिसली त्यांना शोधून कळवण्याचं काम अजून व्हायचं आहे.