पाटणचा मठ आणि बीजगणिताचे क्षेत्र

मराठीच्या पदव्युत्तर वर्गात पाटणचा शिलालेख शिकवला जातो तो मुख्यतः त्याच्या अखेरच्या जुन्या मराठी ओळींसाठी. घाण्यामागे पळीभर तेल द्यावे, अशा नेमणुकांची ती भाषा. प्रत्यय आणि रूपे तपासून आपण पुढच्या लेखाकडे वळतो. ही नेमणूक कशासाठी होती, हा प्रश्न बहुधा वर्गाबाहेरच राहतो.

नेमणूक होती एका मठासाठी. वरणगाव ज्या जळगाव जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे इ.स. १२०७ मध्ये चांगदेवाने तो स्थापन केला. आजोबा भास्कराचार्य यांच्या ग्रंथांचे अध्यापन हा त्याचा हेतू. निकुंभ वंशातील सोइदेवाने त्यास दान दिले.

या ग्रंथांपैकी 'बीजगणिता'तील भावित प्रकरण साहित्याच्या अभ्यासकानेही पाहण्याजोगे आहे. तेथील एक उदाहरण असे: दोन संख्यांपैकी एकीची चौपट आणि दुसरीची तिप्पट यांच्या बेरजेत दोन मिळवले, की त्या संख्यांचा गुणाकार येतो. भास्कराचार्य गुणाकाराला आयत मानतात. त्यातून चार रुंदीची एक आणि तीन रुंदीची दुसरी पट्टी वजा करायची. कोपऱ्यातले बारा दोनदा वजा होतात, म्हणून ते परत मिळवायचे. उरलेल्या आयताचे क्षेत्रफळ दोन अधिक बारा, म्हणजे चौदा. चौदाचे अवयव एक व चौदा घेतले, तर मूळ संख्या चार व अठरा. दोन व सात घेतले, तर पाच व अकरा.

उपपत्ती दोन प्रकारची, क्षेत्रगत आणि राशिगत, असे ते म्हणतात. जिला आकृतीतून उमगत नाही तिला राशींतून दाखवावे, ही शिक्षकाची दृष्टी त्यामागे आहे.

या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रियात मार्कुस होहेनवार्टर यांनी जिओजेब्रा ही संगणकप्रणाली रचली. तीत आकृती आणि समीकरण शेजारी दिसतात. आयताचा कोपरा ओढला, की अंक बदलतात. चौदाचे क्षेत्रफळ कायम ठेवून बाजू बदलत नेल्या, तर भाविताची सारी उत्तरे विद्यार्थ्याच्या हाताखाली येतात. भास्कराचार्यांना हे यंत्र ठाऊक होते, असा दावा करण्याची गरज नाही. एकच सत्य दोन भाषांत सांगता आले पाहिजे, हा आग्रह मात्र जुना आहे.

आपल्या महाविद्यालयांत शिलालेख कला शाखेत राहिला आणि बीजगणित विज्ञान शाखेत गेले. पाटणच्या दगडावर दोन्ही एकत्र आहेत. तो संपूर्ण वाचायचा, तर शेजारच्या वर्गातील गणिताच्या प्राध्यापकांना बोलावणे आता अगत्याचे आहे.