हुकूम ते विनंती : गिअरच्या दांड्याचा इतिहास

१/ कुर्ला आणि रांजणगाव. महाराष्ट्रात घडलेल्या दोन मोटारी शेजारी ठेवल्या, की चालकाचा यंत्रावरील अधिकार कसा बदलत गेला ते दिसते.

२/ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी कुर्ल्यात तयार होई. तिचा गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर असे; त्यामुळे पुढे सलग बाक बसवता येई.

३/ हाताची हालचाल सळ्या व सांध्यांमार्फत थेट गिअरबॉक्सपर्यंत पोहोचे. गिअर नीट पडला की नाही, हे तळहाताला कळे. सांधे झिजून दांडा सैल झाला, तर नाक्यावरचा मिस्त्रीही तो ठीक करी.

४/ २०२० मध्ये आलेली टाटांची नेक्सॉन ईव्ही रांजणगावची. तिच्यात दांड्याच्या जागी गोल कळ आली. ती केवळ विद्युतसंकेत पाठवते. गिअरबॉक्स एकाच गतीचा असल्याने बदलायला गिअरच उरत नाहीत. निवडायची ती फक्त दिशा.

५/ यांत्रिक दांडा हुकूम देई. इलेक्ट्रॉनिक कळ विनंती करते. वेगात असताना मागचा गिअर मागितला, तर संगणक नकार देऊ शकतो. सुरक्षितता वाढली, पण बिघाड शोधायला आता निदानयंत्र लागते.

६/ ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची अखेरची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे सेवेबाहेर गेली. गाडी जतन करता येते. हाताचे ज्ञान माणसाबरोबर जाते. म्हणून मुंबईत असो वा जालना जिल्ह्यातील टेंभुर्णीत, जुना चालक किंवा मिस्त्री भेटला, तर त्याचे अनुभव आजच नोंदवून ठेवा.