पाण्यात वेटसूट शरीराची ऊब कशी टिकवतो?

दिवाळीच्या सुट्टीत नवी मुंबईहून तारकर्ली-मालवणला स्कूबा डायव्हिंगसाठी जाणारे बरेच जण विचारतात, "डॉक्टर, कोकणातला समुद्र थंड नसतो, मग तो घट्ट रबरी सूट कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर समजले की सूट कसा निवडावा आणि पाण्याबाहेर कधी यावे, हेही कळते.

कोमट पाण्यातही थंडी का वाजते?

आपल्या शरीराच्या आतले तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते. २७ अंशांच्या हवेत आपल्याला थंडी वाजत नाही. पाणी मात्र हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणून तितक्याच तापमानाच्या पाण्यात बराच वेळ राहिल्यास अंग गार पडू लागते. लहान मुले आणि सडपातळ व्यक्तींना हे लवकर जाणवते.

सूट नेमके काय करतो?

वेटसूट निओप्रीन नावाच्या कृत्रिम रबराचा असतो. त्यात वायूचे असंख्य बारीक, बंद बुडबुडे असतात. ते उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. ऊब टिकते ती मुख्यतः या बुडबुड्यांमुळे, आत शिरलेल्या पाण्यामुळे नव्हे. ते पाणी अंगाच्या उष्णतेने कोमट होते आणि सूट घट्ट असेल तर आतच राहते. अंग कोरडे नसले तरी ऊब टिकू शकते, हे ओळखून अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५२ च्या सुमारास असा सूट तयार केला.

सूट स्वतः उष्णता निर्माण करत नाही, फक्त ती जाण्याचा वेग कमी करतो. खोल गेल्यावर त्याचा उपयोगही घटतो. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे दाबले जातात आणि सूट पातळ होतो.

सूट घालताना काय पाहावे?

• पाठ, कंबर आणि काखेत सैल नसावा. सैल सुटात थंड पाणी सतत आत-बाहेर होते.
• गळ्याशी फार आवळलेला नसावा. मानेवर दाब पडून चक्कर येऊ शकते.
• फाटलेला किंवा चेन बिघडलेला सूट बदलून मागा.
• उन्हात सूट घालून ताटकळत बसू नका. घाम वाळत नाही आणि उष्माघाताचा धोका वाढतो.
• पुरेसे पाणी प्या. पाण्यात बुडून राहिल्यावर लघवी जास्त होते.

केव्हा बाहेर यावे?

हुडहुडी भरली की लगेच बाहेर या. बोटे बधिर होणे, जीभ जड होणे, तोल जाणे ही पुढची लक्षणे आहेत. शरीराचे तापमान ३५ अंशांखाली गेले, तर त्याला हायपोथर्मिया म्हणतात. हुडहुडी थांबली पण माणूस गोंधळलेला किंवा सुस्त असेल, तर त्याला बरे वाटत आहे असे समजू नका. ही गंभीर अवस्था आहे, ताबडतोब रुग्णालयात न्या.

तोपर्यंत त्याला वाऱ्यापासून दूर आडवे करा. ओले कपडे काढून अंग हळुवार टिपा आणि ब्लँकेटमध्ये गुंडाळा. पूर्ण शुद्धीत असेल, तरच गरम गोड चहा द्या. हातपाय चोळू नका, मद्य देऊ नका.

दमा, हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असल्यास बुकिंग करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा.