पीचचा जिल्हा

फोर्ट व्हॅली हे अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या मधोमध वसलेलं लहानसं गाव. 1925 च्या वसंतात या गावाने आपल्या उत्सवातल्या नाटकासाठी खरेखुरे उंट आणवले. एका वर्षी उत्सवाच्या राणीच्या अंगावर मूकपटांची तारका मेरी पिकफर्ड हिचा मोत्यांनी मढवलेला झगा होता. किंमत 32,000 डॉलर! गावची वस्ती तेव्हा जेमतेम 4,000, आणि बघायला लोटलेली माणसं, त्या काळच्या बातम्यांनुसार, 20,000 च्या वर. 1922 ते 1926 अशी पाच वर्षं दर वसंतात हा ‘पीच ब्लॉसम फेस्टिव्हल’ भरला.

मी तिथून अर्ध्या तासावर, वॉर्नर रॉबिन्सला राहते. माहेर निफाडकडचं, द्राक्षबागायतदारांचं. त्यामुळे फळाचा उत्सव म्हटलं की मला मांडवाआधी पॅकिंगची शेड आठवते. या उत्सवाबद्दल वाचायला घेतलं तेव्हाही मी तीच शोधत होते.

आधी सापडला तो थाट: सजवलेल्या गाड्यांची मिरवणूक, गव्हर्नरांची भाषणं, हजारो माणसांचं बार्बेक्यूचं जेवण, आणि शेवटी मोठं संगीतनाट्य. ते बसवायला व्यावसायिक नाटककार बोलावत आणि कधी कधी गावातला दर चौथा माणूस त्यात उतरलेला असे. गोष्ट साधारण अशी: पीच ही लग्नाची मुलगी. चीनमध्ये जन्मली, इराण, स्पेन, मेक्सिको अशी स्थळं पाहत निघाली, आणि अखेर जॉर्जियात तिला नवरा आणि घर मिळालं.

या थाटामागे एक मागणी होती. फोर्ट व्हॅली तेव्हा हाउस्टन काउंटीत होतं आणि कचेरी पेरी या गावी. गावाला आपली वेगळी काउंटी हवी होती. काउंटी म्हणजे इथला जिल्हा, आकाराने मात्र आपल्या तालुक्याएवढा. वाद चांगलाच चिघळला, पण 1924 मध्ये ‘पीच काउंटी’ झाली. जॉर्जियातली ही 161 वी आणि अखेरची. मागणी पदरात पडल्यावर दोन वर्षांनी उत्सवही थांबला.

गावाने हक्काने आपलं ठाणं मिळवलं याचं मला कौतुकच आहे. पण त्या नाटकाच्या गोष्टीशी माझं भांडण आहे. फळ चालत आलं आणि इथल्या मातीत सुखाने नांदलं, असं ती सांगते. बागायतदाराच्या घरात वाढलेल्या कुणालाही हे पटणार नाही.

पीच सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर फ्लोरिडात उतरला. तिथून मूलनिवासी लोकांनी कोयी लावत लावत तो आत नेला. 1700 च्या सुमारास जॉन लॉसन या निसर्ग-अभ्यासकाला कॅरोलायनात पीच रानासारखा माजलेला दिसला. पण त्या फळाला बाजार नव्हता. लोक खात, डुकरांना घालत, उरलेल्याची घरोघरी ब्रँडी गाळत. (नाटकातल्या मुलीच्या वाटेत हिंदुस्थान नाही. चिनी प्रवासी ह्यूएनत्संगाने मात्र नोंदवून ठेवलंय की कनिष्काच्या काळी ओलीस म्हणून आलेल्या चिनी मंडळींनी पीच पंजाबात आणला.)

बाजार मिळाला तो पेटीमुळे. आधी पीच कोळशाच्या भुकटीत बसवून पाठवत. कोलंबस गावच्या राफाएल मोझेसने 1851 मध्ये त्याऐवजी शॅम्पेनच्या बाटल्यांच्या करंड्या वापरल्या आणि माल राज्याबाहेर धाडला. मग मार्शलव्हिलचा सॅम्युएल रम्फ आला. शांघायहून युरोपमार्गे आलेल्या ‘चायनीज क्लिंग’ जातीची झाडं त्याच्या घरच्या बागेत होती. 1870 च्या दशकात त्यांच्या बीपासून त्याने नवा वाण काढला आणि बायकोचं नाव दिलं: एल्बर्टा. फळ मोठं, पिवळं, प्रवासात टिकणारं. म्हणजे नाटकातली ती मुलगी खरी आली रोपवाटिकेच्या पार्सलातून! रम्फने बर्फ भरता येईल अशी पेटीही तयार केली आणि तिचं पेटंट घेतलं नाही. ज्याला हवी त्याने ती करावी. प्रीकूलिंगला, म्हणजे तोडलेला माल गार करायला, दोन तास उशीर झाला तर द्राक्षाच्या देठाचं काय होतं हे मी पाहिलंय; त्या पेटीपुढे मला मोत्यांच्या झग्याचं काही वाटत नाही.

मजूर तर त्या नाटकाच्या गोष्टीत नव्हतेच. कापसाची खुरपणी आटोपली की वेचणीपर्यंत मधे मोकळे आठवडे राहतात; पीचची तोडणी नेमकी त्यात बसली. तोडणारे बहुतेक कृष्णवर्णीय, कापसातलेच मजूर. ती स्वस्त माणसं हाताशी होती म्हणून बागा उभ्या राहिल्या. आज त्या जागी मेक्सिकोहून हंगामी व्हिसावर आलेली माणसं आहेत. हिवाळ्यातली छाटणी, वसंतात हाताने थिनिंग, म्हणजे फळांची विरळणी, मग तोडणी. तोडताना फळावरची लव मानेला, कोपराच्या आत अशी खाजते की लांब बाह्यांशिवाय भागत नाही.

आणि हवामान सुखाने नांदू देतं असंही नाही. झाडाला हिवाळ्यात 7 अंशांच्या खाली शेकडो तास थंडी लागते, आणि फूल आल्यावर दव गोठून चालत नाही. 2023 मध्ये हिवाळा उबदार गेला, मार्चमध्ये कडाका पडला, आणि जॉर्जियाचं नव्वद टक्क्यांहून जास्त पीक गेलं.

हल्ली उत्सव जूनमध्ये भरतो, फुलांचा नव्हे, फळांचा. मला हाच जवळचा वाटतो. 1986 पासून चालू आहे. 11 फूट लांब, 5 फूट रुंद कढईत पीच कॉब्लर (पीच आणि पिठाचा भाजलेला गोड पदार्थ) शिजतं. 75 गॅलन पीच लागतात. कॉब्लर सगळ्यांना फुकट वाढतात.

घरी आम्ही पीचची पेयं करतो. जूनच्या सुरुवातीच्या पीचचा गर कोयीला धरून असतो, सुरीने सुटत नाही. बुडाशी फुलीसारखी चीर द्यायची, उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट, लगेच गार पाण्यात. साल हातात येते. मग आंब्याचा रस काढतो तसे पिळायचे. शेजारच्या आजींनी शिकवलेला चहा असा: कडक कोरा चहा, त्यात चिमूटभर खायचा सोडा, म्हणजे तुरटपणा जातो, गरम असतानाच साखर, गार झाल्यावर पीचचा रस. माझं पन्हं वेगळं: गूळ, वेलची, मीठ, आणि कैरीचा आंबटपणा नसल्याने भरपूर लिंबू. त्या आजींना गूळ आधी करपल्यासारखा लागला. आता जून लागला की त्याच विचारतात.

पन्ह्याला खरी गोडी जुलैच्या मध्यावर येते, कोय सुटी होणारे पीच निघाले की. एल्बर्टा मोठ्या बागांमधून नव्या वाणांनी हटवली आहे, पण रस्त्याकडेच्या स्टँडवर अधूनमधून सापडते. सापडली की मी पेटीच उचलते. अर्धी पन्ह्याला, अर्धी फ्रीजरमध्ये, भाचरं डिसेंबरात येतात तेव्हासाठी.