नांवाचा अर्थ कोठें ठरतो ?

नळदुर्गच्या किल्ल्याजवळून बोरी नदी वाहते. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दींत तिच्यावर बांध घालण्यांत आला आणि बांधाच्या पोटांतच पाणीमहाल उभा राहिला. समजा, येथील एखाद्या व्यापाऱ्यानें पंढरपूरच्या आपल्या गुमास्त्यास लिहिलें, ‘नदीला पूर असेल तोंवर इकडे गाड्या पाठवूं नयेत.’ यांतील ‘नदी’ कोणती? लिहिणाऱ्याच्या गांवची बोरी, कीं वाचणाऱ्याच्या दारची चंद्रभागा? शहाणा गुमास्ता बोरीच समजेल. लिस्प नांवाच्या संगणक-भाषेंत मात्र हा शहाणपणा सर्वमान्य होण्यास पंचवीस वर्षें लागलीं.

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथें जॉन मॅकार्थी यांनीं १९५८ सालीं लिस्पची उभारणी आरंभिली व १९६० सालीं तिचें विवेचन प्रसिद्ध केलें. या भाषेंत एक फंक्शन दुसऱ्याच्या हातीं पत्राप्रमाणें सोंपवितां येतें. परंतु त्यांतील एखादें नांव वापराच्या ठिकाणींहि असलें, तर यंत्र तेथलीच किंमत उचली. लिहिणाऱ्याची चूक नसतां उत्तर चुके. जेम्स स्लॅगल यांस हा अनुभव आला. मॅकार्थी यांनीं तो किरकोळ दोष मानला व स्टीव्ह रसेल तो लौकरच काढतील, असा भरंवसा दिला. रसेल यांनीं उपाय शोधला तो असा, कीं फंक्शनबरोबर त्याच्या जन्मस्थानचा परिसरहि बांधून द्यावयाचा. १९६४ सालीं पीटर लँडिन यांनीं अशा जोडीस ‘क्लोजर’ हें नांव दिलें.

उपाय सोपा, पण खर्चाचा होता. फंक्शन निर्माण करणारें काम संपलें, तरी त्याचा परिसर यंत्राच्या स्मृतींतून पुसतां येत नाहीं. एकाच सांच्यांतून दोन मोजणीदार काढले, तर प्रत्येकाचा आंकडा निराळा जपावा लागतो. म्हणून अनेक लिस्पांनीं जुनीच रीत ठेविली. परिणामीं एकच आज्ञावली ओळीओळीनें चालविली असतां एक उत्तर येई, व आधीं यंत्रभाषेंत उतरवून चालविली असतां दुसरें!

१९७५ सालीं जेराल्ड ससमन व गाय स्टील यांनीं ‘स्कीम’ ही लिस्पची शाखा निर्मिली. तींत नांवाचा अर्थ लिहिल्या जागीं ठरे. हाच नियम लेक्सिकल नियम होय. १९८४ सालच्या ‘कॉमन लिस्प’नें तोच मुख्य नियम केला, ईमॅक्स या प्रसिद्ध लेखन-साधनाच्या लिस्पमध्यें तो २०१२ सालीं आला.

तथापि जुनी रीत अगदींच टाकून दिली नाहीं. व्यापाऱ्यानें ‘आजच्या भावानें विकावें’ असें लिहिलें, तर तो भाव पंढरपूरच्या पेठेंतलाच, व तोहि पत्र वाचण्याच्या दिवसाचा धरला पाहिजे. कॉमन लिस्पनें अशा नांवांस निराळें स्थान ठेविलें आहे. मात्र तीं तशीं आहेत हें लिहिणाऱ्यानें आधीं स्पष्ट सांगावें लागतें.